बँकेला सुट्टी असते, चुलीला नसते
मजुरीचे वेळापत्रक आणि बँकेच्या सुट्ट्या यांविषयी थोडेसे



लागण, खत, पाणी आणि तोड यांविषयी आम्ही या पत्रिकेतून नेहमीच लिहितो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. उसाच्या जोडीने आपल्यापैकी अनेकांनी लहानमोठे धंदे उभे केले आहेत. कोणाची रोपवाटिका आहे, कोणाचे गुऱ्हाळ, तर कोणाचा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा व्यवसाय. प्रत्येक ठिकाणी चार, आठ, दहा माणसे मजुरीवर राबतात. त्यांचा पगार आणि बँकेच्या सुट्ट्या यांचा मेळ कसा घालावा, हे आज सांगायचे आहे. विषय कारकुनी वाटेल, पण त्याची झळ थेट पिकापर्यंत पोहोचते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

जानेवारीतला एक रविवार

२०२६ सालच्या जानेवारीत आम्ही एका सभासदाच्या रोपवाटिकेवर गेलो होतो. सुरू लागणीचे दिवस. को ८६०३२ ची रोपे ट्रेमध्ये तयार होऊन उभी होती. तारीख २५, वार रविवार, आणि गावचा बाजार. शेडनेटच्या दाराशी आठ बाया रिकाम्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. त्या कामाला आल्या नव्हत्या, आठवड्याची मजुरी न्यायला आल्या होत्या.

मालक आत फोनवर फोन करीत होते. आम्हाला पाहून म्हणाले, “साहेब, खिशात सव्वा लाखाचा चेक हाय, पण बायांना द्यायला पाचशे रुपये न्हाईत.”

घडले ते असे. रोपांच्या बिलाचा चेक त्यांच्या हाती पडला शुक्रवारी संध्याकाळी, बँक मिटल्यावर. २४ तारखेला चौथा शनिवार, २५ ला रविवार आणि २६ ला सोमवारी प्रजासत्ताक दिन. तीन दिवस ओळीने बँक बंद. तालुक्याच्या एटीएमवर माणूस धाडला, तर तिथली रोकड दुपारीच संपलेली. आणि तशीही खात्यात शिल्लक फारशी नव्हतीच. मालकांनी किराणा दुकानदाराकडून उसने घेऊन निम्मी निम्मी मजुरी वाटली. त्यांतली एक आजी उठता उठता म्हणाली, “बँकेला सुट्टी असंल बाबा, आमच्या चुलीला कुठली आलीया?”

मंगळवारी आठांपैकी तीनच बाया कामावर आल्या. बाकीच्या रांगडा कांदा काढायला गेल्या, कारण तिथे संध्याकाळी रोख हातावर पडत होती. रोपे उचलायला आठवडा उशीर झाला. ट्रेमध्ये मुळ्यांचा गुंता झाला. ज्या दोघा सभासदांनी सऱ्या सोडून, रान भिजवून ठेवले होते, ते वाट पाहत बसले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या बिलावर आमची शिफारस लागते, आणि ते दोन दिवस आमच्याच टेबलावर पडून होते. बुधवारी सही झाली असती तर शुक्रवारी सकाळी चेक बँकेत भरता आला असता, आणि निदान त्याच्या भरवशावर शाखेत काही तजवीज करता आली असती. दोष एकट्या मालकांचा नव्हता.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे रीत अशी की, देण्याचा दिवस सुट्टीत आला की देणे पुढे ढकलायचे. “बँक उघडली की देतो” हे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो. पण जुना कायदा नेमका उलटा आहे. १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, म्हणजे हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेक यांचा कायदा. बँकांच्या सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात त्या याच कायद्याखाली. त्याच्या २५ व्या कलमात म्हटले आहे की, हुंडीचा किंवा वचनचिठ्ठीचा भरणा दिवस सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी आला, तर ती आदल्या कामाच्या दिवशीच देय झाली असे समजावे. म्हणजे सुट्टीने देणे अलीकडे येते, पलीकडे जात नाही.

मजुरीचेही तसेच. २०१९ सालच्या वेतन संहितेत रोजंदारी पाळी संपताना, आठवड्याची मजुरी आठवडी सुट्टीआधीच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची सातवी तारीख उलटण्याआधी द्यावा असे सांगितले आहे. बँक बंद होती ही सबब त्यात कोठेही नाही.

आमचे सांगणे एवढेच: हुंडीला जो न्याय, तोच मजुरीला लावा. सुट्टी आली की पगार एक दिवस आधी.

सुट्ट्या कशा ओळखाव्यात

सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी पूर्ण सुट्टी असते. पहिल्या, तिसऱ्या आणि असल्यास पाचव्या शनिवारी बँक चालू असते. त्यामुळे प्रत्येक जोडसुट्टी सारखी नसते. २०२६ चेच उदाहरण घ्या. १ मे हा महाराष्ट्र दिन शुक्रवारी, पण २ मे हा पहिला शनिवार, म्हणजे बँक उघडी. जानेवारीत मात्र तीन दिवस सलग बंद. १ एप्रिलला वार्षिक हिशेबामुळे बँकांचे ग्राहकांसाठीचे व्यवहार बंद असतात, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या आगेमागे शनिवार-रविवार आला तर गाठ अधिकच घट्ट बसते. सुट्ट्यांची यादी राज्याप्रमाणे बदलते, म्हणून आपल्या शाखेत लागलेली यादीच प्रमाण मानावी.

चार कामे

पहिले काम. वर्षाच्या सुरुवातीला शाखेतून यादी उतरवून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बँकेच्या सुट्टीला तांबडी खूण करा आणि गावच्या बाजाराला निळी. जिथे दोन्ही खुणा जवळ आल्या, तो आठवडा जोखमीचा. त्या आठवड्याचा पगार बँक बंद होण्याच्या आदल्या कामाच्या दिवशी करा. उरलेल्या एखाद्या दिवसाची मजुरी पुढच्या आठवड्यात धरा, आणि हे मजुरांना आधी सांगून ठेवा. आधी सांगितलेले माणूस समजून घेते.

दुसरे काम. दोन आठवड्यांची मजुरी वेगळ्या खात्यात राखून ठेवा. समजा आठ बाया, रोज ३५० रुपये, आठवड्याचे सहा दिवस. आठवड्याचे झाले १६,८०० रुपये, दोन आठवड्यांचे ३३,६००. ही रक्कम खताला, डिझेलला किंवा लग्नकार्याला वापरायची नाही. बियाण्याचा प्लॉट आपण कारखान्याला तोडून देत नाही ना? तसेच हे पैसे बियाण्याचे समजा.

तिसरे काम. येणारे पैसे आणि द्यायची मजुरी यांची एकाच दिवशी गाठ घालू नका. चेक सुट्टीत वटत नाही. उसाच्या बिलाचेही तसेच समजा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे, पण बिल खात्यावर आले तरी त्यातून सोसायटीचे कर्ज वळते होऊन हाती काय उरते ते आपण जाणताच. तेव्हा बिलाच्या भरवशावर बायांना तारीख देऊ नये.

चौथे काम. फोनवरून पैसे पाठवण्याची सोय लावून घ्या, पण तिच्यावरच विसंबू नका. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. यूपीआय तर आता पोराटोरांनाही येते. मात्र आपल्या खात्यात रक्कम असेल तरच ती पुढे जाते. शिवाय ज्या बाईचा फोन मुलाच्या हातात असतो, तिची मजुरी तिच्या हातात पडली का, हेही पाहायला हवे. कोणाला रोख आणि कोणाला खात्यावर, हे ज्याला त्याला विचारून वहीत लिहा. रोख लागणार असेल तर ती सुट्टीच्या दोन दिवस आधी काढा. एटीएमच्या दारात सगळा गाव एकाच दिवशी उभा राहतो.

आमच्याकडून

त्या रविवारनंतर आम्ही आमच्या टेबलावर एक कॅलेंडर लावले आहे. ज्या आठवड्यात सलग सुट्ट्या आहेत, त्या आठवड्यात रोपवाटिकांची जी बिले सोमवारपर्यंत येतील, त्यांवर आम्ही बुधवारी सही करतो. सभासदांनीही बिले वेळेत द्यावीत, शुक्रवारी दुपारी आणून “साहेब, तेवढं बघा” म्हणू नये, ही विनंती.

ते सभासद आता अशा आठवड्यात गुरुवारीच मजुरी वाटतात. गेलेल्या पाच बायांपैकी चार परत आल्या आहेत. ती आजीही आली. परवा भेटल्यावर तिने आम्हालाच विचारले, “साहेब, येत्या शनवारी बँक हाय का न्हाई?”

आम्ही कॅलेंडर पाहून उत्तर दिले. सभासदांनीही आजच आपले कॅलेंडर काढून बसावे.

— ऊस विकास अधिकारी