फाइलच्या काठावर कोरलेली नावं: ‘लिस्टएक्सॲटर’ नेमकं काय करतं?

मुंबई-आग्रा हायवेवरचं आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखलं जातं. भांडं घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला: नाव टाकायचं का? मग हंड्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटतं, कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. आता बघा, हंड्यातलं पाणी वेगळं आणि काठावरचं नाव वेगळं. पाणी कितीही वेळा बदला, नाव तिथंच. पण तेच पाणी दुसऱ्या कळशीत ओतलं, तर नाव काही सोबत जात नाही.

फाइलचंही असंच आहे. फोटोतले रंग, गाण्यातला आवाज हे झालं पाणी. फाइलचं नाव, साइज, तारीख तर सगळ्यांना दिसते. याशिवाय लिनक्स, मॅक आणि अर्थात अँड्रॉइड (त्याच्या पोटात लिनक्सच आहे) फाइलला आणखी छोट्या चिठ्ठ्या चिकटवू देतात. त्यांना एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट म्हणतात, थोडक्यात ‘एक्सॲटर’. प्रत्येक चिठ्ठीला एक नाव आणि एक किंमत. लिनक्समध्ये नाव जास्तीत जास्त 255 बाइटचं, किंमत 64 केबीपर्यंत; प्रत्यक्षात फाइल सिस्टिम कोणती आहे त्यावर ही मर्यादा बरीच खाली येते. नावाच्या सुरुवातीला घराणं लिहिलेलं असतं: यूजर, सिक्युरिटी, सिस्टिम किंवा ट्रस्टेड.

तुमच्या हातातल्या फोनवर या चिठ्ठ्या हजारोंनी आहेत. ‘सिक्युरिटी.एसईलिनक्स’ नावाच्या चिठ्ठीत ती फाइल कोणत्या जातकुळीची आहे ते लिहिलेलं असतं: सिस्टिमची, की एखाद्या ॲपच्या खासगी डेटाची. 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून हे नियम पूर्ण सक्तीने लागू झाले. एखाद्या टॉर्चच्या ॲपने तुमच्या बँकेच्या ॲपची फाइल उघडायला हात घातला, तर त्याला अडवणाऱ्या पहारेकऱ्यांपैकी एक ही चिठ्ठी वाचूनच अडवतो.

मग एखाद्या फाइलवर कोणकोणत्या चिठ्ठ्या आहेत हे प्रोग्रॅमने कसं शोधायचं? फाइल उघडून वाचली तर फक्त पाणी मिळेल. त्यासाठी थेट कर्नलला विचारावं लागतं, म्हणजे सिस्टिम कॉल करावा लागतो. तो कॉल म्हणजे ‘लिस्टएक्सॲटर’. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: फाइलचा पत्ता, यादी ठेवायला मेमरीतली रिकामी जागा आणि त्या जागेचा आकार.

पण जागा किती ठेवायची? यादी केवढी आहे हेच तर माहीत नाही ना! इथली युक्ती मला फार आवडते. आकार शून्य सांगून कॉल करायचा. कर्नल यादी देत नाही, फक्त किती बाइट लागतील ते सांगतो. मग तेवढी जागा घेऊन पुन्हा कॉल. डेअरीवर आधी फोन करून किती लिटर दूध आहे ते विचारायचं आणि मग तेवढी कॅन घेऊन निघायचं, तसं. मात्र तुम्ही पोहोचेपर्यंत तिथं आणखी दोन लिटर दूध आलं तर? तसंच दोन कॉलच्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोग्रॅमने नवी चिठ्ठी चिकटवली, तर जागा अपुरी पडते आणि ‘ईरेंज’ ही एरर येते. म्हणून चांगला कोड हे लूपमध्ये करतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हा लूप सहसा नसतो आणि डेमोच्या दिवशी काही बिघडतही नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. पायथॉनमधलं याच नावाचं फंक्शन ही जागेची भानगड स्वतःच सांभाळतं.

यादीत फक्त नावं मिळतात, एकापाठोपाठ एक, मध्ये शून्य बाइट. किंमत हवी तर ‘गेटएक्सॲटर’ हा वेगळा कॉल. ज्या चिठ्ठ्या बघायचा तुम्हाला हक्क नाही, त्या यादीतून गुपचूप वगळलेल्या असतात. टर्मिनलमधली ‘गेटएफॲटर’ ही कमांड तर सांगितल्याशिवाय फक्त यूजर घराणंच दाखवते. त्यामुळे काहीच दिसलं नाही, म्हणून काहीच नाही असं समजू नका.

या न दिसण्यानेच 2018 मध्ये घोळ घातला होता. ‘डब्ल्यूगेट’ हा डाउनलोड करणारा लोकप्रिय प्रोग्रॅम प्रत्येक फाइलवर ती कोणत्या लिंकवरून आली ते ‘यूजर.एक्सडीजी.ओरिजिन.यूआरएल’ या चिठ्ठीत लिहून ठेवायचा. हेतू चांगला होता. पण काही लिंकमध्येच यूजरनेम आणि पासवर्ड असतो, तोही त्या चिठ्ठीत जाऊन बसायचा. त्याच कॉम्प्युटरवर फाइल वाचायची परवानगी असलेला दुसरा कुणीही तो पासवर्ड बघू शकत होता. 1.20.1 या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. कॉलेजच्या लॅबमध्ये, जिथे एक मशीन दहाजण वापरतात, तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

आता उलटी बाजू. लिनक्सवर साध्या ‘सीपी’ने कॉपी केली की चिठ्ठ्या मागे राहतात, सोबत न्यायच्या तर ‘सीपी’ला ‘-ए’ आणि ‘आरसिंक’ला मोठा ‘-एक्स’ सांगावा लागतो. पेनड्राइव्हच्या फॅट32 किंवा एक्सफॅटमध्ये तर चिठ्ठ्यांना जागाच नाही. मॅक यावर जुगाड करतो: चिठ्ठ्या वेगळ्या फाइलमध्ये भरतो आणि तिच्या नावाआधी टिंब आणि अंडरस्कोर लावतो. लग्नपत्रिकेच्या डिझाइनचा पेनड्राइव्ह मॅकवरून विंडोजवर आणला की प्रत्येक फाइलच्या जोडीला एक न उघडणारी छोटी फाइल दिसते ना, ती हीच. तो व्हायरस नाही. विंडोजवरच काम असेल तर खुशाल उडवा, डिझाइनला धक्का लागत नाही.

फोटोचं लोकेशन मात्र यात मोडत नाही. ती एक्झिफ माहिती, ती फाइलच्या आत, पाण्यातच विरघळलेली असते. म्हणून व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या मूळ फोटोतून तुमच्या घराचं ठिकाण समोरच्याला कळू शकतं. चिठ्ठ्या काढल्या तरी ते जात नाही. पुढच्या फोटोंमध्ये ते नको असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा; आधीच काढलेल्या फोटोतून मात्र ती एक्झिफ माहितीच काढून टाकावी लागते.