गरीला लागलेला पहिला मासा

मासे खाणाऱ्याला मासे पकडताही येत असतील, असा एक गोड समज शहरात असतो. मी जन्मभर मासे निवडले ते दादरच्या बाजारात, कल्ले उचलून पाहत. गरी हातात धरण्याचा योग आला तो साठी उलटल्यावर, मालवणनजीक कर्लीच्या खाडीत.

गुरू माझे आतेभाऊ. भाईंनी आधी हातात दिले ते पंचांग! तिथीला 3 ने गुणून 4 ने भागायचे, की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी चतुर्थी. म्हणजे पूर्ण भरती 3 च्या सुमारास. चढत्या पाण्याबरोबर मासा चरायला काठाशी येतो, म्हणून आम्ही 1 वाजताच ठाण मांडले. काठी नाही, चक्र नाही. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेले तंगूस, टोकाला शिसे आणि गरीला सोललेली कोळंबी, एवढाच सरंजाम.

तंगूस बोटावरून सोडून बसलो. तासाभराने बोटाला टकटक जाणवली. ''घाई करू नको, तेका गिळाक दी,'' भाई पुटपुटले. मग ओढ बसली आणि वर आली वीतभर लांबीची चंदेरी मुडदुशी!

आनंद झालाच, पण ती तळहातावर तडफडू लागली आणि मी गप्प झालो. बाजारात मासा आपल्याला मेलेलाच भेटतो. मारण्याचे काम कुणीतरी आपल्यासाठी आधीच उरकलेले असते. भाईंनी माझ्याकडे पाहिले. ''खातलस तर ठेव, नाय तर सोड.''

मी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पंचमी, भरती पावणेचारला. आणखी तीन मुडदुश्या मिळाल्या. एक बोटभर होती, ती पाण्यात सोडली. एक शेंगटीही लागली. तिचे काटे विषारी. भाईंनी ते पकडीने मोडले, मला हात लावू दिला नाही.

वहिनींनी दोन्ही दिवशी मीठ, हळद, तिखट आणि आगळ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून मुडदुश्या तव्यावर परतल्या. शेंगटीचे तिरफळ घालून कालवण केले.

दोन दुपारी खर्चून चार मासे! या हिशेबाने बाजार केव्हाही स्वस्त. पण त्या दोन दिवसांत पानात डोके टाकून कुणी उठले नाही. आणि मुंबईला परतल्यावर आमच्या घरात तोच नियम झाला आहे.