१९६९ ची कॅमॅरो : घरच्या गॅरेजमधील पुनर्बांधणी

अमेरिकेत १९६४ पासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत 'मसल कार' या नावाने ओळखल्या गेलेल्या गाड्यांचे सूत्र साधे होते : मध्यम किंवा लहान आकाराची, दोन दारांची, पगारदार तरुणाला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीसाठी घडवलेले आठ सिलिंडरांचे इंजिन बसवायचे. जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाने १९६४ च्या मॉडेल-वर्षासाठी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन घातले, तेव्हा मध्यम गाडीत इतके मोठे इंजिन न घालण्याच्या जनरल मोटर्सच्या स्वतःच्याच नियमाला ते मान्य नव्हते; पाँटिॲकचे अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाडीला, म्हणजे जीटीओला, नवे मॉडेल न म्हणता ते जादा पैसे भरून घ्यायचे 'ऑप्शन' म्हणून नोंदवले आणि नियमाला बगल दिली. ऑप्शनांच्या यादीतून गाडी जुळवण्याची पद्धत त्याआधीही होती, पण या गाड्यांच्या बाबतीत ती यादी हेच गाडीचे सत्त्व ठरले. आज अशी गाडी घरच्या गॅरेजमध्ये उघडून पुन्हा उभी करणाऱ्यांमध्ये 'मूळ' म्हणजे काय यावरून जो वाद चालतो, त्याचे बीज या यादीतच आहे.

फोर्ड मस्टँगला उत्तर म्हणून सप्टेंबर १९६६ मध्ये आलेली शेवरले कॅमॅरो हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे १९६७ ते १९६९ या मॉडेल-वर्षांच्या, सुमारे सात लाख गाड्या ओहायोतील नॉरवुड आणि कॅलिफोर्नियातील व्हॅन नायज येथील कारखान्यांतून बाहेर पडल्या. एकाच सांगाड्यात सहा सिलिंडरांचे शांत इंजिन बसे आणि ३९६ घनइंचांचे दांडगे व्ही-८ ही बसे. झेड-२८ या ऑप्शनचे ३०२ घनइंचांचे इंजिन तर घरातल्याच भागांचा मेळ होता : ३२७ घनइंचांच्या इंजिनाचे चार इंच व्यासाचे सिलिंडर आणि २८३ घनइंचांच्या इंजिनाचा तीन इंचांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी, एकत्र आणल्याने ट्रान्स-ॲम शर्यतींची ३०५ घनइंचांची मर्यादा पाळली गेली. विक्रेत्यांसाठीच्या खास मागणीपत्रावर १९६९ साली बनलेल्या, ४२७ घनइंचांच्या संपूर्ण ॲल्युमिनियमच्या इंजिनाच्या झेडएल-१ गाड्या अवघ्या ६९ होत्या. कारखान्यानेच इतके बदल केलेल्या गाडीला एकच अस्सल रूप असू शकत नाही, हे उघड आहे.

गाडीची ओळख म्हणूनच नोंदींवरून पटवावी लागते. ओळखक्रमांकाची पट्टी १९६८ पासून पुढच्या काचेतून दिसेल अशी डॅशबोर्डवर असते. त्या क्रमांकाचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेला असतो आणि दोन्ही जुळले की गाडीला 'मॅचिंग नंबर्स'ची म्हणतात. मात्र १९६९ च्या कॅमॅरोचा क्रमांक गाडी व्ही-८ आहे एवढेच सांगतो. ती झेड-२८ आहे की साधी, हे त्यावरून कळत नाही. साध्या गाडीवर झेड-२८ ची चिन्हे आणि पट्टे चढवणे त्यामुळे सोपे झाले, आणि प्रामाणिकपणे विकल्या तर 'क्लोन', अप्रामाणिकपणे विकल्या तर फसवणूक ठरणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली.

कामाचा खरा कस मात्र कागदपत्रांत नसून पत्र्यात लागतो. कॅमॅरोच्या मागच्या भागाला वेगळी चासी नाही, तेथे बॉडीचा पत्राच भार पेलतो, आणि इंजिन व पुढची चाके धरणारी उपचौकट रबरी बैठकांवरून बोल्टने बॉडीला जोडलेली असते. त्यामुळे गंज हा या गाडीत दिसण्याचा प्रश्न नसून बळकटीचा प्रश्न आहे. पुढच्या काचेखालच्या जाळीतून केबिनसाठी हवा घेतली जाते, त्याच वाटेने पाणी आणि पालापाचोळा आतल्या पोकळीत साचतो, तेथे कारखान्याचा रंग नीट पोहोचलेला नसतो, आणि पोकळी आतून कुजली की पाणी थेट पाय ठेवण्याच्या जागेवर ठिबकून तळाचा पत्रा खाते. मागच्या काचेच्या खाचेतही हेच घडते. छतावर त्या काळच्या हौसेचे व्हायनल ताणलेले असेल तर त्याखाली ओल टिकून राहते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ओहायो-मिशिगनकडील गाडी आणि ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतील गाडी यांच्या किमतींतील फरक बहुतांशी या पोकळ्यांतच दडलेला असतो.

पुढचे मडगार्ड बोल्ट सोडवून काढता येतात, पण मागच्या चाकावरचा मोठा पत्रा वेल्ड केलेला असतो. तो बदलताना कारखान्याचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उडवावे लागतात, नव्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डने भरावी लागतात, आणि उघड्या सांध्यावर सलग वेल्ड न ओढता लहान टाके लांबलांब अंतरावर घालावे लागतात, कारण उष्णता एका जागी साठली की पातळ पत्रा लाटेसारखा वळतो. अनुभवी माणूस कापाकापीपूर्वी दार आणि डिकीचे झाकण बसवून फटी मोजून ठेवतो, उघड्या टपाच्या गाडीत तर आतून लोखंडी आधारही वेल्ड करतो. हे न करणाऱ्याचे दार पुढे आयुष्यभर लागत नाही. लांबी, म्हणजे पत्र्याचा खळगा भरणारा लगदा, हा या कामातला बदनाम पण आवश्यक पदार्थ आहे. पातळ थरात तो निर्दोष असतो. भोकावर थापला की फसवणूक होते. कारखान्यानेही छताच्या सांध्यांत शिसे भरलेले होते, म्हणून ते घासताना वा तापवताना श्वसनाचे संरक्षण लागते.

आज डायनाकॉर्नसारखे उत्पादक १९६९ च्या कॅमॅरोची संपूर्ण नवी बॉडी विकतात. तिच्यावर जुन्या गाडीची क्रमांकपट्टी लावण्याचा मोह होतो, पण ओळखक्रमांक काढणे वा बदलणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार गुन्हा आहे.

इंजिनाच्या बाबतीत 'घरगुती' हा शब्द थोडा सैल करावा लागतो. इंजिन उचलण्याची घोडी, टॉर्क रेंच आणि मायक्रोमीटर यांच्या बळावर ते उतरवणे, खोलणे आणि जुळवणे गॅरेजमध्ये जमते. सिलिंडर मोठे करणे मशीन शॉपकडेच जाते. ३५० घनइंचांच्या ब्लॉकचे सिलिंडर ०.०३० इंचाने वाढवले की इंजिन ३५५ घनइंचांचे होते, आणि त्यातच ३.७५ इंच स्ट्रोकची क्रँक बसवली की ते ३८३ चे होते. बाहेरून फरक दिसत नाही. सपाट टॅपेट असलेली कॅमशाफ्ट नवी घातल्यास जस्तयुक्त संयुग असलेले तेल घालून, इंजिन सुरू होताच मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर काही मिनिटे चालवावे लागते, अन्यथा कॅमची टोके पहिल्याच दिवशी झिजतात.

रंगाच्या टप्प्यावर दोन पंथ स्पष्ट वेगळे होतात. प्रदर्शनासाठी काटेकोर पुनर्बांधणी करणारे कारखान्यातील तपासनिसांच्या खडूच्या खुणा आणि रंगाचे उडालेले शिंतोडेही पुन्हा उमटवतात, म्हणजे घाईत झालेली कसूर सावकाश आणि महागड्या पद्धतीने घडवतात. या निष्ठेत थोडा विनोद आहे, हे त्यांनाही ठाऊक असावे. याउलट बहुतेक हौशी लोक मूळच्या ॲक्रिलिक लॅकरऐवजी रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक थर अशी आजची पद्धत वापरतात, ज्यामुळे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहून अधिक चमकते. या आधुनिक थरातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि म्हणून कित्येक जण हे एक काम व्यावसायिकाकडे सोपवतात.

बदल करणाऱ्यांच्या पंथाला 'रेस्टोमॉड' म्हणतात : बाहेरून जुनी, आतून नवी. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेल्या एलएस घराण्यातील संगणक-नियंत्रित इंजिन, सहा गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक हा अशा गाडीचा सर्वपरिचित संच आहे. जाणकार तो बसवताना बॉडीत कायमचे छिद्र पाडत नाहीत आणि काढलेले मूळ इंजिन बोल्टांसह नोंदी करून ठेवतात. मोजक्या झेडएल-१ पैकी एखादीवर असा प्रयोग करणे करंटेपणाचे ठरेल. सहा सिलिंडरांच्या साध्या कॅमॅरोवर तो पूर्णपणे रास्त आहे, कारण ऑप्शनांच्या यादीतून गाडी घडवण्याचेच ते काम आहे.

कट्टर मूळवाद्यालाही रस्त्यावर उतरताना एक तडजोड करावीच लागते. १९६९ ची चाकांच्या कोनांची मापे तेव्हाच्या बायस-प्लाय टायरांसाठी, म्हणजे आडव्यातिडव्या धाग्यांच्या टायरांसाठी, ठरवलेली होती. त्या जागी आजचे रेडियल टायर घातले की स्टीअरिंग सरळ रेषेत भरकटू नये म्हणून पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे वळणाच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कारखान्याच्या पुस्तकातील आकड्यापेक्षा वाढवावा लागतो, आणि व्हील अलाइनमेंट करणाऱ्याला ते पुस्तक बाजूला ठेवायला सांगावे लागते.