शर्यतीचा वेग आणि गावची वाट

गोव्याबाहेर ‘पायलट’ म्हटले की विमान चालविणारा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. गोव्यात मात्र भाडे घेऊन उतारूस मागे बसविणाऱ्या मोटरसायकलवाल्यास पायलट म्हणतात. मोपा येथील विमानतळावरून २०२३ साली वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून पेडणे तालुक्यात हे दोन्ही पायलट नांदत आहेत. पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शाळा, बाजार, कचेरी, जत्रा, फेस्त, सर्वत्र तीच नेते आणि तीच आणते. अशा भागातील तरुण मोटरसायकलची मोठी शर्यत पाहावयास गेला, तर त्याने तेथे काय पाहून यावे?

आपल्या देशात दुचाकींच्या शर्यती नव्या नाहीत. मद्रासजवळ शोलावरम् येथील जुन्या धावपट्टीवर त्या होत असत. पुढे इरुंगाट्टुकोट्टै येथे त्यांच्यासाठी खास मार्ग बांधण्यात आला. परंतु मोटोजीपी या जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील शर्यत भारतात प्रथम झाली ती २४ सप्टेंबर २०२३ रोजी, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर. मार्ग सुमारे पाच किलोमीटरांचा. फेऱ्या चोवीस ठरल्या होत्या, पण उष्म्यामुळे त्या एकवीसच ठेवण्यात आल्या. इटलीचा मार्को बेझेक्की पहिला आला. दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्टिन शर्यत संपताच उष्म्याने गळून गेला.

प्रेक्षकाने एक गोष्ट आधीच जाणावी. एका जागी बसून सबंध शर्यत दिसत नाही. दिसते ते एखादे वळण आणि त्यापुढचा थोडासा मार्ग. उरलेले मोठ्या पडद्यावर पाहावे लागते. म्हणून लांब सरळ पट्टा जेथे आवळ वळणाला मिळतो, तेथील जागा उत्तम. कानांत घालावयास बोळेही जवळ असावेत. यंत्राचे वजन दीडशे किलोंहून थोडेसे अधिक; वेग मात्र काही मार्गांवर ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे जातो. वळण जवळ येताच स्वार ताठ होऊन ब्रेक लावतो, आणि लगेच यंत्रासह इतका कलतो की त्याचा गुडघा, कित्येकदा कोपरही, जमिनीस घासतो.

हा कसरतीचा डौल नव्हे. वळताना यंत्र व स्वार बाहेर फेकले जाऊ पाहतात. आत झुकून स्वार त्या ओढीला आपल्या वजनाचा तोल देतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. ब्रेक लावल्यानंतर थांबावयास लागणारे अंतरही चौपट होते. हा सारा भार पेलतो तो टायरचा तळहाताएवढा भाग. टायर थंड असेल तर तो निसटतो. म्हणून शर्यतीपूर्वी टायरांना विजेवर तापणारी आवरणे गुंडाळतात आणि सर्व स्वार एक फेरी केवळ टायर ऊन राखण्यासाठी मारतात.

यानंतर प्रेक्षकाने नजर स्वारावरून काढून मार्गाच्या कडेकडे न्यावी. वळणाच्या बाहेर मोकळी रुंद जागा असते. जागोजागी खडीचे जाड थर असतात. घसरत आलेले यंत्र त्यांत रुतून थांबते. ठरावीक अंतरावर निशाणधारी उभे असतात. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे, कोणी कोणास ओलांडावयाचे नाही. लाल दिसले की शर्यतच थांबली. स्वाराच्या चामडी पोशाखात पडताना आपोआप फुगणारी हवेची पिशवी असते. त्या दिवशी त्या वेळचा जगज्जेता फ्रान्चेस्को बान्याया दुसऱ्या क्रमांकावर असताना पडला, आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेला. तरीही जोखीम सर्वस्वी टळत नाही. आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत लुका मारिनी याचे हासळीचे हाड मोडले.

ही व्यवस्था नसली म्हणजे काय होते, हे आयल ऑफ मॅन या ब्रिटिश बेटाने दाखविले आहे. तेथे १९०७ पासून गावोगावच्या साध्या रस्त्यांवर शर्यत होते. रस्ता त्या वेळी रहदारीस बंद असतो. पण दगडी कुंपणे, घरे आणि खांब जागच्या जागीच असतात. तेथील डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार मरण पावले. १९७६ नंतर ती शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून वगळण्यात आली.

आता डिचोलीची किंवा पेडण्याची वाट आठवावी. वळणाबाहेर खडीचा थर नाही. तेथे चिऱ्यांचा गडगा आहे, माड आहे, विजेचा खांब आहे. समोरून खनिजाचा ट्रक येतो, मध्येच गुरे बसलेली असतात, आषाढात तांबडी माती डांबरावर वाहून येते. पुढे धोका आहे असे सांगणारा निशाणधारी कोठेच नसतो, आणि कडेने चालणाऱ्या शाळकरी मुलाने शर्यतीत नाव दिलेले नसते. ताशी चाळीसचा वेग ऐंशी केला, तर थांबण्याचे अंतर तेथेही चौपटच होते. गोव्यातील रस्त्यांवर दगावणाऱ्यांत मोठा भाग दुचाकीवाल्यांचाच असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालविणारा व मागे बसणारा, या दोघांसही हेल्मेट आवश्यक केले आहे. मागच्याचे डोके मात्र अनेकदा उघडेच दिसते.

शर्यत पाहावी, स्वारांच्या कौशल्याचे कौतुकही मनसोक्त करावे. पण घरी परत निघताना चावी फिरविण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून घ्यावा, आणि मागे बसणाऱ्यालाही घ्यावयास लावावा. जगातील निष्णात स्वार त्याशिवाय यंत्रावर बसत नाहीत, हे प्रेक्षकाने तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.