लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावरच्या विसरण्याच्या चुका: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे 4×5 इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या फिल्मवर चित्र घेणारा कॅमेरा. पुढे भिंग, मागे ग्राउंड ग्लास आणि मध्ये भाता, एवढाच त्याचा संसार. त्यावर पुष्कळ फिल्म वाया जाते ती माहिती नसल्यामुळे नव्हे, तर माहीत असलेली एखादी पायरी विसरल्यामुळे. या विसरण्याबद्दल काही समजुती इतक्या रुळल्या आहेत की त्यांच्यामुळेच चुका टिकून राहतात.

पहिली समजूत अशी की या चुका नवशिक्यांच्या. हात बसला की त्या थांबतात. नवशिक्याच्या अज्ञानाच्या चुका शिकल्यावर जातात, हे खरे. विसरणे मात्र सरावासोबत टिकून राहते, कारण सरावलेला हात लक्ष न देता काम करतो आणि गळलेली पायरीही झाल्यासारखी वाटते. शिवाय चूक अडवणारे काही या यंत्रात नाही. हॅसलब्लाडच्या मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यात डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी सरकती पट्टी, आत असेल तर शटर उडतच नाही. इथे भिंगातले शटर आणि मागचा फिल्म होल्डर यांची एकमेकांशी ओळखही नसते. शटर सताड उघडे असताना डार्क स्लाइड ओढता येते, ती आत असताना शटर उडवता येते, एकाच फिल्मवर दोन चित्रे घेता येतात. कॅमेरा कशालाही हरकत घेत नाही. चूक कळते ती थेट फिल्म धुतल्यावर.

दुसरी समजूत: हा कॅमेरा संथ, म्हणून त्यावर काम करणारा आपोआप काळजीपूर्वक काम करतो. संथपणा असतो तो चौकट बांधताना आणि फोकस जुळवताना. काळ्या कपड्याखाली, उलट्या प्रतिमेसमोर वीस-पंचवीस मिनिटे निवांत जातात. मग ढग सरतो, हवे ते ऊन पडते, आणि शटर बंद करणे, छिद्र लहान करणे, होल्डर घालणे, स्लाइड ओढणे ही सगळी कामे अर्ध्या मिनिटात उरकली जातात. चुका या अर्ध्या मिनिटात होतात.

त्यातल्या दोन नेहमीच्या. ग्राउंड ग्लासवर पाहण्यासाठी शटर उघडे ठेवावे लागते. ते बंद न करता डार्क स्लाइड ओढली की फिल्म संपली. दुसरी छिद्राची. फोकस एफ 5.6 सारख्या पूर्ण उघड्या छिद्रावर होतो आणि चित्र बहुधा एफ 22 किंवा 32 वर घ्यायचे असते. 5.6 वरून 32 वर यायचे राहून गेले तर फिल्मवर पाच स्टॉप, म्हणजे 32 पट प्रकाश पडतो. दोन्हींवर उपाय एकच आणि तो फुकटचा आहे: होल्डर घालण्याआधी कॅमेऱ्यासमोर उभे राहून, भिंगात पाहत शटर एकदा रिकामे उडवणे. शटर बंद आहे का, छिद्र लहान झाले आहे का, वेग ठरवलेलाच वाटतो का, हे एका नजरेत कळते. इतका स्वस्त विमा या धंद्यात दुसरा नाही.

होल्डरबद्दलची समजूत अशी की कोणती बाजू वापरली ते लक्षात राहते. चार होल्डर, आठ बाजू आणि दिवसभराची पायपीट एवढ्यात हा भरवसा संपतो. म्हणूनच डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी किंवा चकचकीत आणि दुसरी काळी असते. रूढ संकेत असा: पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. पांढऱ्या बाजूवर सहसा उंचवटे असतात, ते अंधारातही बोटांना लागतात. हा संकेत तेव्हाच खरा ठरतो जेव्हा स्लाइड परत घालताना ती दर वेळी उलटली जाते आणि वरची छोटी कडी लगेच फिरवली जाते. रिकाम्या होल्डरसाठी मात्र वेगळी खूण रूढ नाही, त्यामुळे रिकामे होल्डर भरलेल्यांत मिसळतात. रिकाम्यांची स्लाइड अर्धी बाहेर ठेवणे किंवा त्यांना वेगळी पिशवी देणे हा साधा तोडगा.

भरतानाही विसरायला जागा आहे. शीट फिल्मच्या कडेला खाचा असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शनची बाजू आपल्याकडे असते. उलटी भरलेली रंगीत फिल्म लालसर रंग देते. कृष्णधवल फिल्मवर प्रतिमा फिकी आणि डावी-उजवी उलटलेली येते. आणखी एक सावधगिरी फिल्म दोन्ही कडांच्या पट्ट्यांखाली गेली आहे का हे चाचपून पाहण्याची. एकीकडून पट्टीच्या वर राहिलेली फिल्म फोकसच्या पातळीत राहत नाही आणि स्लाइड घालताना चुरगळूही शकते.

मीटरने दाखवलेले तेच एक्स्पोजर, ही समजूत जवळच्या विषयावर महागात पडते. भाता लांबला की फिल्मवर पोचणारा प्रकाश घटतो. 150 मिमीचे भिंग फिल्मपासून 210 मिमीवर गेले तर जवळपास एक स्टॉप, 300 मिमीवर गेले तर दोन स्टॉप वाढवावे लागतात. भात्याच्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून येणाऱ्या आकड्याचा वर्ग म्हणजे किती पट. दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलताही मंदावते, त्याची भरपाई वेगळी. इल्फर्डच्या एफपी4 प्लससाठी कंपनी 1.26 हा घातांक देते, म्हणजे 10 सेकंदांचे सुमारे 18 सेकंद होतात.

बहुतेक जण यातली एक भरपाई आठवतात आणि दुसरी विसरतात. दोन्ही आठवल्या तरी क्रम चुकतो. मीटर 4 सेकंद सांगत असेल आणि भाता दुप्पट लांबला असेल, तर आधी चौपट करून 16 सेकंद आणि मग घातांक लावून सुमारे 33 सेकंद येतात. उलट क्रमाने केल्यास आकडा 23 सेकंदांवर थांबतो आणि निगेटिव्ह अर्धा स्टॉप कमी पडते. भात्याची आणि फिल्टरची भरपाई आधी, फिल्मची शेवटी, हा नियम कॅमेऱ्याच्या पाटीवर चिकटवून ठेवण्याजोगा आहे.

तपासणी यादी हे कच्च्या माणसाचे काम, असेही मानले जाते. जपानी रेल्वेत चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने बोलतो. भारतीय रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना पुकारून सांगतात. ही मुरलेली माणसे आहेत. यादी लांब असण्याचीही गरज नाही. शटर बंद, छिद्र, वेग, शटर ताणले, होल्डर, स्लाइड: एवढ्या सहा पायऱ्या त्याच क्रमाने, दर वेळी, तोंडाने म्हणणे पुरते. मध्येच कोणी बोलायला आले आणि साखळी तुटली, तर उरलेल्या पायरीपासून नव्हे, पहिल्या शब्दापासून सुरुवात करावी. पुष्कळ चुका अशा अर्धवट सुटलेल्या साखळीत घडतात.

होल्डरच्या दुसऱ्या बाजूवर तेच चित्र पुन्हा घेतले की सगळे सुरक्षित, ही समजूत अर्धीच खरी आहे. धूळ, ओरखडा, धुतानाचा अपघात यांपासून दुसरी फिल्म वाचवते. छिद्र उघडेच राहिले असेल तर मात्र दोन्ही फिल्म सारख्याच बिघडतात. आणि दुसरी संधी मिळेलच असेही नाही. छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांनी 1941 साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे चंद्रोदयाचे प्रसिद्ध चित्र 8×10 कॅमेऱ्याने घेतले, तेव्हा त्यांना लाइट मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती त्यांना पाठ होती, तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले. दुसऱ्या फिल्मसाठी होल्डर उलटवेपर्यंत चित्रातल्या क्रुसांवरचे ऊन गेले होते. सामान जागच्या जागी नसणे हेही विसरण्याचेच रूप. अॅडम्स यांना तारले ते पाठ असलेल्या आकड्याने.

नोंद घरी गेल्यावर करता येते, ही समजूतही त्याच चित्रापाशी लंगडी पडते. अॅडम्स तारखा लिहून ठेवत नसत, त्यामुळे हे चित्र 1940 ते 1944 अशी वेगवेगळी वर्षे लावून छापले गेले. चंद्राच्या स्थितीवरून गणित मांडून 1 नोव्हेंबर 1941 ही तारीख 1991 मध्ये निश्चित झाली. सर्वांच्या निगेटिव्हमध्ये चंद्र नसतो. होल्डरचा क्रमांक, बाजू, छिद्र, वेळ आणि धुताना कमी-जास्त करायची मिनिटे हे सारे स्लाइड परत घातल्यावर, तिपाई हलवण्याआधी लिहायचे. कारण सुट्या फिल्मचा खरा फायदा प्रत्येक निगेटिव्ह वेगळे धुता येण्यात आहे, आणि कोणते कसे धुवायचे ते फक्त त्या नोंदीतच असते.