गाडीच्या जागेचा हिशेब

देवगड तालुक्यातून मुंबईला गेलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज गिरणगाव सोडून विक्रोळी, भांडुप, मुलुंड, कांदिवली, दहिसर अशा उपनगरांत राहते. तिथल्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. विक्रोळीचे कन्नमवारनगर आणि चेंबूरचे टिळकनगर या म्हाडाच्या वसाहतींत तर हा बदल उघड्या डोळ्यांना दिसतो. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या बोलण्यात मग दोन तक्रारी हमखास येतात: एवढी माणसे राहणार कशी, आणि एवढ्या गाड्या लागणार कुठे? या दोन तक्रारी एकच समजल्या जातात, आणि वादाची गल्लत तिथेच होते. माणसांची दाटी आणि गाड्यांची दाटी हे वेगळे प्रश्न आहेत. उपनगरांचा श्वास कोंडतो आहे तो मुख्यतः दुसऱ्या दाटीने, आणि ती दाटी आपणच नियम करून वाढवतो आहोत.

मुंबईत २०१८ पासून लागू असलेली विकास नियंत्रण नियमावली (डीसीपीआर २०३४) उपनगरांतला चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे, रस्त्याच्या रुंदीवर ठरवते. मूळ निर्देशांक १. रस्ता किमान ९ मीटरचा असेल, तर अधिमूल्य भरून आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन तो २ पर्यंत जातो, रुंद रस्त्यावर २.५ पर्यंत, शिवाय त्यावर ३५ टक्के ‘फंजिबल’ म्हणजे जादा चटई क्षेत्र. रुंद रस्त्यावर जास्त माणसे हे तत्त्व योग्यच आहे. पण ९ मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की सुमारे ४ मीटर तिथेच जातात. फेरीवाला, रिक्षा, शाळेची बस आणि अग्निशमन दलाचा बंब यांनी उरलेल्या जागेत भागवायचे. ज्या रुंदीच्या भरवशावर मजले वाढवले, ती रुंदी प्रत्यक्षात राहतच नाही. ही तफावत नकाशा मंजूर करताना कोणी मोजत नाही.

याच नियमावलीत वाहनतळाची सक्ती आहे. ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडी, ४५ ते ६० चौरस मीटरच्या दोन घरांमागे एक, ६० ते ९० ला घरटी एक आणि त्यापुढे घरटी दोन. ही सक्तीची जागा चटई क्षेत्रात धरली जात नाही, म्हणून ती फुकट वाटते. पण मोठी गाडी उभी राहायला २.५ बाय ५.५ मीटर, म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर लागतात. रॅम्प आणि वळायची जागा धरली की हा आकडा पंचवीस-तीसपर्यंत पोचतो. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र कुटुंबाला ३०० चौरस फुटांचे, २७.८८ चौरस मीटरचे घर मिळते. एका कुटुंबाच्या संसाराइतकी जागा एका गाडीला द्यायची, आणि तिचा खर्च सगळ्या घरांच्या किमतीत मुरवायचा! खोल तळघर, पोडियमचे मजले, पझल पार्किंगची यंत्रे हे सारे बांधायला बिल्डर पैसे घालतो आणि ते विक्रीच्या सदनिकांतून वसूल करतो. त्यासाठी मजले आणखी वाढवावे लागतात. पुढे यंत्राच्या देखभालीचा बोजा सोसायटीच्या मेंटेनन्सवर येतो. लोकलने कामाला जाणारा, गाडी नसलेला सभासद शेजाऱ्याच्या गाडीसाठी आयुष्यभर पैसे भरत राहतो. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की, मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याखाली स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक आहे. ग्राहकाच्या बाजूने तो निकाल मोलाचाच होता. पण सामाईक जागा कोणी, किती दिवस आणि कोणत्या मोबदल्यात वापरायची, हे सोसायट्यांनी पुढे ठरवले नाही. जो आधी आला त्याची जागा, हीच बहुतेक ठिकाणची रीत.

ही सक्ती काढण्यावर सर्वात वजनदार आक्षेप असा की, इमारतीत जागा दिली नाही तर गाड्या रस्त्यावर येतील. पण आत जागा असलेल्या इमारतींबाहेरही त्या रस्त्यावर आहेतच, कारण रस्ता फुकट आहे. जपानने १९६२ च्या कायद्याने उलटा मार्ग धरला: गाडी घेणाऱ्याने आधी तिच्या जागेचा पुरावा द्यायचा. जबाबदारी घर बांधणाऱ्यावर नाही, गाडी घेणाऱ्यावर. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान वाहनतळाची अटच काढली. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यांजवळ ती उठवली. महाराष्ट्रातही मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी जागेच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असा विचार बोलून दाखवला. दिशा बरोबर आहे. मात्र रस्त्याकडेच्या जागेला दर लावून तो काटेकोर वसूल केला नाही, तर दाखला कागदावरच राहील. वृद्ध, अपंग आणि टॅक्सी-टेम्पोवर पोट असलेल्यांची अडचण खरी आहे. त्यांना गरजेनुसार जागा राखून देता येते. त्यासाठी प्रत्येक मोठ्या घरामागे दोन गाड्यांची सक्ती लागत नाही.

माणसांच्या दाटीविरुद्धचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. पाणी, मलनिस्सारण, उजेड, वारा यांची चिंता रास्त आहे. अधिमूल्य भरून दोन इमारतींमधले अंतर कमी करण्याची मुभा मला घातक वाटते. खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागेल असे घर पुनर्विकास म्हणून देऊ नये. जमिनीवरचे मैदान आणि पोडियमवरची हिरवळ यांत फरक आहे, आणि किमान मनोरंजन मैदान जमिनीवरच हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या कोहिनूर प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण जमीन गाड्यांकडून सोडवली, तर हाच आक्षेप बराचसा निवतो. अंधेरी-दहिसर पट्ट्यात मेट्रो ७ आणि २अ जानेवारी २०२३ पासून पूर्ण लांबीने धावत आहेत. त्यांच्या स्थानकांपासून पायी अंतरावर जास्त घरे आणि कमी गाड्या, असा नियम करायला याहून योग्य जागा कुठली?

२०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला सोसायटीच्या ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सभेत बोलणे होते ते वाढीव फुटांचे, भाड्याचे आणि कॉर्पस निधीचे. तिथे आणखी काही विचारायला हवे: गाडीची जागा घरापासून वेगळी करून महिन्याच्या भाड्याने देणार का, ते भाडे मेंटेनन्समधून वजा होणार का, यंत्र बंद पडले तर खर्च कोणाचा? हे करारात आले नाही, तर ताबा मिळाल्यावर त्यावर भांडणेच होतात.

देवगड-जामसंड्यात पुनर्विकास अजून दूर असला, तरी राज्याची २०२० ची एकत्रित नियमावली इथल्या नव्या बांधकामालाही घराच्या आकारावर बेतलेली वाहनतळाची अट घालते. आंब्याच्या हंगामात पेट्यांचे टेम्पो, एसटी आणि पर्यटकांच्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. मुंबईने जे वर्षानुवर्षे टाळले, ते नगरपंचायतीने आताच करावे: बाजारातल्या रस्त्याकडेची जागा आखून, माल उतरवण्याच्या वेळा ठरवून, उरलेल्या वेळेसाठी तासाचा दर लावावा.