जीर्ण मलावष्टंभ : चूर्णापूर्वी चिठ्ठी पाहावी

पहाटेची पुण्याची गाडी गाठण्यासाठी केडगाव स्थानकाकडे धावणारा नोकरदार आणि उजाडण्यापूर्वी उसाच्या फडात उतरणारी कामकरी स्त्री, दोघांची तक्रार एकच : पोट साफ होत नाही. पुरीषवेग रोखल्याने मल अडतो, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलेच आहे. येथे वेळेचा नियम, पाणी व आहार हीच पहिली चिकित्सा होय.

परंतु चूर्ण मागणाऱ्यांत आणखी एक वर्ग असतो. रोज चार-पाच गोळ्या घेणारे वृद्ध. लोह, कॅल्शियम, व्हेरापामिल, ट्रॅमाडॉल यांनी मलावष्टंभ होतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करविता ती लिहून देणाऱ्या चिकित्सकांस कळवावे.

खरा धोका पुढेच आहे. सोनामुखीचा अतिवापर शरीरातील पोटॅशियम घटवितो. फ्युरोसेमाइड तेच करते, यष्टीमधुही त्यात भर घालते. आणि स्वादिष्ट विरेचन चूर्णात सोनामुखी व यष्टीमधु एकत्र असतात. रुग्ण डिगॉक्सिन घेत असल्यास हृदयाची लय बिघडू शकते. पंचसकारातील सैंधव रक्तदाबाच्या रुग्णास वर्ज्य समजावे. इच्छाभेदी रसातील जयपाल औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्य आहे. असे औषध वैद्याच्या देखरेखीवाचून देऊ नये.

इसबगोल भरपूर पाण्यासह व अन्य औषधांपासून दोन तासांच्या अंतराने द्यावे. त्याने भागले नाही तर लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांचा मार्ग आहे. त्यानंतर चिकित्सक प्रुकॅलोप्राइड लिहून देतात. त्याची मात्रा प्रौढांस दिवसातून एकदा २ मिलिग्रॅम असून वृद्धांत १ मिलिग्रॅमने आरंभ करतात. डायलिसिसवरील रुग्णास ते देत नाहीत. ४ आठवड्यांत गुण न आल्यास पुनर्विचार आवश्यक ठरतो. हे औषध चिठ्ठीवाचून देऊ नये, अशी दुकानदार बंधूंस आमची विनंती आहे.

मलावाटे रक्त, वजनात घट किंवा पन्नाशीनंतर नव्याने जडलेला मलावष्टंभ दिसल्यास तपासणी प्रथम. पोट फुगून वायूही सरत नसेल व वांती होत असेल, तर कोणतेही रेचक न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

"आणखी कोणत्या गोळ्या घेता?" हा प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते. तो विचारल्यावाचून चूर्णाची पुडी हातावर ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे.